टायमिंगचा स्क्रू फिरवण्याआधी: नव्याने बांधलेली आउटबोर्ड मोटर ओढत का नाही?

आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून लावतात ते इंजिन) उघडली, नवे पिस्टन आणि रिंगा घातल्या, बेअरिंग बदलले, गॅस्केट नवी टाकली, सगळे नट नीट कसले. दोरी ओढली की मोटर सुरूही होते. बोट पाण्यात घातली की मात्र रडगाणं. थ्रॉटल पूर्ण दिला तरी ती अर्ध्या ताकदीवर घुटमळते, मध्येच फाटकन बार उडतो, नाहीतर सुरू करतानाच दोरी हातातून हिसकावून घेते. जवळ उभा असलेला प्रत्येक जण एकच निदान करतो: "टायमिंग गेलंय." आणि कुणीतरी पाना घेऊन टायमिंगचा स्क्रू फिरवायला बसतं.

निदान बरेचदा खरं असतं, उपाय तेवढा चुकतो. मोटर खोलून परत बांधली की स्क्रूचं सेटिंग आपोआप बदलत नाही. बदलतात त्या खुणा, ज्यांच्या भरवशावर ते सेटिंग मोजायचं असतं. खुणाच खोट्या असतील तर स्क्रू कितीही फिरवा, चुकीत भरच पडणार. म्हणून आधी टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, समजून घेऊ, मग ते बांधणीत कुठे हरवतं ते पाहू.

## ठिणगी आधीच का पडावी लागते

सिलिंडरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगी पडताच सगळं एकदम पेटत नाही. प्लगच्या टोकाशी आग लागते आणि ज्योत तिथून पसरत जाते. त्यामुळे दाब वाढायला थोडा वेळ जातो. हा दाब नेमका कधी हवा, हे सायकलच्या पेडलवरून चटकन कळतं. पेडल अगदी वर असताना कितीही जोर लावला तरी सायकल पुढे जात नाही. वर यायच्या आधीच दाबलं तर ते मागे ढकललं जातं. वरचा बिंदू ओलांडून जरा पुढे गेलं की पायाचा जोर कामी येतो. पिस्टनचंही तसंच आहे. सर्वांत जास्त दाब पिस्टन वरचं टोक गाठून खाली निघाल्यावर, म्हणजे क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतो तो मुख्य दांडा) साधारण १५ अंश पुढे गेल्यावर मिळाला तर ताकद नीट मिळते.

पिस्टनच्या या वरच्या टोकाला टॉप डेड सेंटर म्हणतात, सगळे मेकॅनिक नुसतं टीडीसी म्हणतात. दाब टीडीसीनंतर हवा, पण जळायला वेळ लागतो, म्हणून वेगात चालताना ठिणगी टीडीसीच्या आधी पाडावी लागते. ती जितकी आधी, तितका ॲडव्हान्स. उशीर केला तर रिटार्ड.

वेग वाढला की हे गणित बदलतं. मिनिटाला ८०० फेऱ्या होत असतील तर एका मिलिसेकंदात क्रँक जेमतेम ५ अंश फिरतो. ५००० फेऱ्यांना तेवढ्याच वेळात ३० अंश. म्हणून थ्रॉटल उघडत जाईल तसा ॲडव्हान्स वाढवावा लागतो. बहुतेक दोन-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये पूर्ण थ्रॉटलला ठिणगी टीडीसीच्या वीस ते तीस अंश आधी पडते. नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच धरायचा, दुसऱ्या मोटरीचा उसना आणायचा नाही.

स्लो स्पीडला मात्र अनेक दोन-स्ट्रोक मोटरींत ठिणगी टीडीसीच्या आसपास किंवा चक्क टीडीसी उलटून गेल्यावर पडते, आणि तसंच अपेक्षित असतं. अशा मोटरींत कार्ब्युरेटरची झडप स्लोला जवळपास बंदच असते आणि स्पीड कमी-जास्त केला जातो तो टायमिंगनेच. हे ठाऊक नसलेला माणूस स्लोचं टायमिंग बघून दचकतो आणि चांगलं चाललेलं बिघडवतो.

## फ्लायव्हीलच्या खाली

डोक्यावरचं झाकण काढलं की जे मोठं चाक दिसतं ते फ्लायव्हील. त्याच्या आतल्या बाजूला चुंबकं असतात. खाली ब्लॉकवर कॉइली बसवलेल्या असतात. एक मोठी कॉइल ठिणगीसाठी लागणारी वीज बनवते. दुसरी छोटी, तिला ट्रिगर म्हणतात, ती फक्त "आता" एवढंच सांगते. हा इशारा पॉवर पॅक नावाच्या इलेक्ट्रॉनिक डबीकडे जातो आणि डबी साठवलेली वीज इग्निशन कॉइलमध्ये सोडते. जुन्या मोटरींत पॅकऐवजी पॉइंट (उघड-बंद होणारा विजेचा खटका) आणि कंडेन्सर असतात. पॉइंट उघडले की ठिणगी.

ट्रिगर किंवा पॉइंट ज्या प्लेटवर बसवलेले असतात ती प्लेट थ्रॉटलबरोबर एका दांडीने फिरते. ती फिरली की चुंबक ट्रिगरसमोरून आधी किंवा नंतर जातं. झाला ॲडव्हान्स. पूर्ण थ्रॉटलला ती प्लेट ज्या स्क्रूला टेकून थांबते, तोच हा सगळ्यांना फिरवावासा वाटणारा स्क्रू.

## "पण मी टायमिंगला हातच लावला नव्हता"

स्क्रूला लावला नसेल. पण क्रँक बाहेर काढायचा म्हणजे फ्लायव्हील उतरवलं. ब्लॉक साफ केला म्हणजे टायमिंगचा काटा (फ्लायव्हीलच्या कडेवरच्या खुणा वाचायला ब्लॉकवर बसवलेली पत्री) काढला. वायरिंग सोडवलं, प्लेट उचलली, थ्रॉटलच्या दांड्या वेगळ्या केल्या. टायमिंग ठरवणारी जवळजवळ प्रत्येक गोष्ट हाताखालून गेली. मोटर आधी नीट चालत होती हा पुरावा त्यामुळे बाद.

उलट बाजूही बघायला हवी. ओढ नसणं म्हणजे टायमिंगच, असंही नाही. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, मोजा. नव्या रिंगा बसेपर्यंत आकडा थोडा कमी येईल, पण सगळे सिलिंडर एकमेकांच्या जवळपास हवेत. मग ठिणगी. प्लग ब्लॉकला टेकवून बघण्यात अर्थ नाही, कारण उघड्या हवेत प्लगच्या छोट्या फटीत कमजोर ठिणगीही उडते. गॅप टेस्टर लावा. पॉवर पॅकवाल्या मोटरींत ठिणगीने साधारण ११ मिलिमीटरची फट निळ्या रंगात, तडतड आवाज करत ओलांडायला हवी. स्टार्टर मरगळल्यासारखा फिरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा, कारण हळू फिरणाऱ्या चुंबकातून पुरेशी वीजच निघत नाही. एक खबरदारी: सिलिंडरमधून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते. टेस्टर प्लगच्या भोकांपासून लांब धरा.

कार्ब्युरेटरमधून शिंकल्यासारखा आवाज येत असेल तर संशय आधी पेट्रोलवर घ्यायचा. स्लोला येणारी शिंक बहुतेकदा मिश्रणात पेट्रोल कमी पडल्याची असते. क्षणभर चोक ओढून बघा. मोटर सुधारली तर बहुधा जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) तुंबलाय, टायमिंगचा संबंध नाही. फेऱ्या भराभर वाढतात पण बोट जागची हलत नाही, असं असेल तर प्रॉपेलरचं रबरी बूश घसरतंय. टायमिंग रिटार्ड असलेली मोटर याच्या उलट वागते. तिच्या फेऱ्याच वर चढत नाहीत.

## टायमिंग लाइट बरोबर दाखवतो, तरीही टायमिंग चुकलेलं असतं

हा या लेखातला मुख्य मुद्दा, म्हणून इथे जरा थांबू. टायमिंग लाइट म्हणजे ठिणगी पडताच चमकणारा दिवा. त्या उजेडात फिरत्या चाकावरची कुठली खूण काट्यासमोर आहे ते दिसतं.

फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर, टेपरवर, बसतं. दोघांत एक छोटी अर्धगोल चावी असते. बहुतेकांना वाटतं की ही चावी फ्लायव्हीलला धरून ठेवते. तसं नाही. धरून ठेवते ती टेपरची पकड. नट योग्य टॉर्कला (ठरवून दिलेल्या जोराला) कसला की दोन निमुळते पृष्ठभाग एकमेकांत रुततात. चावी फक्त चाक कुठल्या कोनात बसवायचं ते ठरवते. टेपरवर तेलाचा हात लागला असेल, गंज किंवा खरवड राहिली असेल, किंवा नट अंदाजाने कसला असेल तर पकड ढिली पडते आणि सगळा भार त्या इवल्याशा चावीवर येतो. चावी कापली जाते. कित्येकदा पूर्ण तुटत नाही, नुसती मधोमध पायरीसारखी सरकते.

आता आकडा बघा. चावीपाशी क्रँकची जाडी २५ मिलिमीटर धरली तर परीघ सुमारे ७८ मिलिमीटर. म्हणजे चावी १ मिलिमीटर सरकली की फ्लायव्हील साडेचार अंशांहून जास्त फिरलं. नखाएवढी पायरी, आणि टायमिंगचा बोजवारा.

मग टायमिंग लाइट लावल्यावर हे दिसत का नाही? कारण चुंबकंही फ्लायव्हीलवर आणि अंशांच्या खुणाही फ्लायव्हीलवरच. चाक सरकलं की दोन्ही बरोबरीने सरकतात. ट्रिगर आणि काटा ब्लॉकवर जागच्या जागी. चुंबक ट्रिगरसमोर आलं की ठिणगी पडते, लाइट चमकतो आणि काट्यासमोर पूर्वीचीच खूण दिसते. लाइट फक्त चाक आणि ब्लॉक यांचं नातं दाखवतो. आत पिस्टन कुठे आहे याची त्याला काही खबर नसते.

जुन्या पॉइंटवाल्या मोटरींत याचा वेगळाच अवतार बघायला मिळतो. पॉइंट उघडणारा कॅम थेट क्रँकवर बसवलेला असेल तर ठिणगी वेळेवर पडते, पण चाक सरकल्यामुळे चुंबक त्या वेळी योग्य जागी नसतं आणि ठिणगीच दुबळी निघते. मग लोक कंडेन्सर बदलत बसतात.

म्हणून बांधणीनंतर टायमिंगचा संशय आला की पहिलं काम फ्लायव्हील पुलरने (चाक ओढून काढायच्या साधनाने) उतरवून चावी डोळ्यांनी बघणं. हातोड्याने ठोकून चाक काढू नका. चुंबकं चिकटवलेली असतात, ठोक्याने सुटतात, आणि सुटलेलं चुंबक आत सरकलं की टायमिंग चालत्या मोटरीत उड्या मारायला लागतं. चाक हातात आहे तोवर प्रत्येक चुंबक अंगठ्याने दाबून बघा. टेपर साफ आणि कोरडा करा, नवी चावी टाका, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला कसा.

## खरं टीडीसी शोधायचं कसं

चावी ठीक निघाली तर पाळी काट्याची. बऱ्याच मोटरींत काट्याच्या पत्रीचं भोक लांबट असतं, म्हणजे ती पुढेमागे सरकते. ब्लॉक धुताना काढून परत लावली की तिची जुनी जागा गेली.

प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घालून "आता वर आला" म्हणणं पुरत नाही. टीडीसीजवळ पिस्टन जवळपास स्थिर असतो. ७० मिलिमीटर स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक टीडीसीपासून ५ अंश लांब असला तरी पिस्टन एक पंचमांश मिलिमीटरसुद्धा खाली आलेला नसतो. हाताला हा फरक कळणं अशक्य.

म्हणून दोन्ही बाजूंनी मोजायचं. आधी बॅटरी सोडा, सगळे प्लग काढा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकात पिस्टन-स्टॉप बसवा. हा गोल टोकाचा एक बोल्ट असतो, जो पिस्टनला टीडीसीच्या थोडं अलीकडेच अडवतो. फ्लायव्हील हाताने, अगदी हलकेच, स्टॉपला टेकेपर्यंत फिरवा आणि काट्यासमोर चाकावर खडूने रेघ मारा. आता उलट्या दिशेने फिरवत परत टेकवा, दुसरी रेघ मारा. दोन रेघांमधल्या लहान कमानीचा मध्य म्हणजे खरं टीडीसी. चाकावर छापलेली टीडीसीची खूण तिथेच असेल तर काटा खरा. नसेल तर स्टॉप काढा, चाक फिरवून खडूचा मध्यबिंदू काट्यासमोर आणा, म्हणजे पिस्टन खऱ्या टीडीसीवर आला, आणि चाक न हलवता काटा सरकवून छापील खुणेला जुळवा. मात्र चावी बघितल्याशिवाय काट्याला हात नको. नाहीतर सरकलेल्या चाकाशी काटा जुळवून आपण दोष झाकून टाकतो, आणि ढिली पकड आतल्या आत तशीच राहते.

डायल गेज (बारीकशी हालचाल मोजणारं काट्याचं माप) असेल तर हेच काम आणखी सुबक होतं: टीडीसीच्या दोन्ही बाजूंना पिस्टन सारखाच खाली गेल्याचं रीडिंग घ्यायचं आणि मध्य काढायचा. चाक फारसं उलटं फिरवावं लागत नाही हा जास्तीचा फायदा. आउटबोर्डमध्ये गिअर न्यूट्रलला असला तरी खालचा पाण्याचा पंप क्रँकबरोबर फिरतच असतो, आणि रबरी इम्पेलरच्या पाकळ्या एकाच दिशेला वाकलेल्या असतात. उलट्या फेऱ्या त्यांना मानवत नाहीत. गिअरकेस अजून जोडली नसेल तर हे मोजमाप तेव्हाच उरकून घ्यावं.

## खुणा खऱ्या, तरीही गडबड

आता टायमिंग लाइटवर विश्वास ठेवता येईल. त्याचा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या प्लगवायरवर लावा, बाण प्लगकडे. मग बाकीच्या वायरींवर एकेक करून. एकच सिलिंडर वेगळा येत असेल तर दोष स्क्रूत असूच शकत नाही, कारण स्क्रू सगळ्यांना सारखाच हलवतो. शोध वायरी, ट्रिगर किंवा पॅकमध्ये घ्यायचा. दोन सिलिंडरच्या मोटरीत वायरींची अदलाबदल झाली तर ठिणगी पिस्टन खाली असताना पडते आणि मोटर फक्त फटफटते. दोन वायरींचा ट्रिगर उलटा जोडला गेला तरी टायमिंग सरकतं, कारण इशाऱ्याची उलटी बाजू आधी पोचते. पॉइंटवाल्या मोटरीत प्रत्येक सिलिंडरला बहुधा वेगळे पॉइंट असतात. ज्याची फट जास्त, तो लवकर उघडतो, म्हणजे त्याचा ॲडव्हान्स जास्त. फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) दोन्हींची सारखी करा. अनेक जुन्या मोटरींत ती अर्ध्या मिलिमीटरच्या जवळपास असते.

सगळेच सिलिंडर सारखेच चुकत असतील तर दांड्यांकडे बघा. मोटर बंद ठेवून थ्रॉटल पूर्ण उघडा आणि ट्रिगरची प्लेट खरंच तिच्या थांब्याला टेकते का ते पाहा. चिकट ग्रीस, घासलेला प्लास्टिकचा गोळा, उलटी बसवलेली दांडी, यातलं काहीही तिला दोन-चार मिलिमीटर अलीकडे अडवतं, आणि तुम्ही स्क्रू फिरवत असता जिथे प्लेट पोचतच नाही! कार्ब्युरेटर उघडणारा छोटा रोलर थ्रॉटलच्या कॅमवरच्या (वाकड्या कडेच्या पट्टीवरच्या) खुणेपाशी असताना कार्ब्युरेटर उघडायला सुरुवात व्हायला हवी. तो लवकर उघडला तर पेट्रोल येतं आणि ठिणगी मागे राहते, पिकअपला मोटर गचके देते. म्हणून क्रम असा: आधी कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवायचे, मग रोलर-कॅम, आणि सगळ्यात शेवटी टायमिंगचे स्क्रू. हा क्रम मोडून नंतर लिंकेजला, म्हणजे या दांड्यांना, हात लावला की आधी केलेलं टायमिंग वाया.

काही मोटरींत थंड इंजिन सुरू होताना पॅक स्वतःहून टायमिंग पुढे घेतो आणि इंजिन तापल्यावर मागे आणतो. तापमानाचा सेन्सर बिघडला तर ते मागे येतच नाही. अशा मोटरीत स्लोचं टायमिंग लावण्याआधी ही सोय मॅन्युअलप्रमाणे बंद करावी लागते.

## "कानाने लावलं तर? आणि जरा ॲडव्हान्स जास्त ठेवला तर?"

कानाने टायमिंग लावणारे हात आहेत, हे मान्य. पण आउटबोर्डमध्ये ही पद्धत मला धोक्याची वाटते. जमिनीवरच्या गाडीला उतार मिळतो, सिग्नल मिळतो. बोटीची मोटर एकदा पूर्ण थ्रॉटलला लावली की अर्धा-अर्धा तास तशीच राबते. टायमिंग पुढे सरकवलं की आवाज धारदार होतो, ताकदही काही अंशांपर्यंत वाढते, आणि कान म्हणतो "झकास". त्यापुढे मिश्रण पिस्टन वर यायच्या आतच जोरात दाब करायला लागतं, नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून बसणारे ठोके) सुरू होतं, आणि पाण्याच्या व एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकूच येत नाही. पिस्टनचं डोकं वितळून भोक पडतं तेव्हाच कळतं. बांधणीत हेड घासून घेतलं असेल तर कॉम्प्रेशन वाढलेलं असतं, आणि जुनाच ॲडव्हान्सही जास्त ठरू शकतो.

रिटार्डकडे चुकलं तर निदान पिस्टनला लगेच भोक पडत नाही. मोटर मंद चालते, एक्झॉस्ट जास्त तापतं, पेट्रोल जास्त जातं. दोन्हींतली एक चूक करायचीच असेल तर ही परवडली.

## पूर्ण थ्रॉटलचं टायमिंग मोजायचं कुठे

नळीने पाणी देऊन जमिनीवर पूर्ण थ्रॉटल कधीही देऊ नका. प्रॉपेलरला पाण्याचा भार नसला की फेऱ्या मर्यादेबाहेर जातात आणि नव्याकोऱ्या बांधणीचा कनेक्टिंग रॉड बाहेर येऊ शकतो. मोजमाप टाकीत टेस्ट प्रॉपेलर लावून करायचं, किंवा पाण्यात, बोट नीट बांधून. फ्लायव्हील उघडं असतं, तेव्हा सैल बाही, गळ्यातली दोरी, मोकळे केस यांपैकी काहीच जवळ नको.

बऱ्याच मॅन्युअलमध्ये प्लग काढून, नुसत्या स्टार्टरवर फिरवून टायमिंग लावायची सोय दिलेली असते. त्यासाठी दिलेला आकडा वेगात मोजलेल्या आकड्यापेक्षा काही अंशांनी वेगळा असतो, कारण वेग बदलला की पॅकची वागणूक थोडी बदलते. फरक कुठल्या दिशेने, ते प्रत्येक उत्पादकाचं वेगळं. त्यामुळे एकाचा नियम दुसऱ्याला लावू नये.

नव्या, कॉम्प्युटरवर चालणाऱ्या चार-स्ट्रोक मोटरींत फिरवायला स्क्रूच नसतो. क्रँकचा सेन्सर सांगतो, कॉम्प्युटर ठरवतो. तिथे बांधणीनंतर ओढ नसेल तर आधी टायमिंग बेल्टचे दात मोजा. एक दात चुकला की व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडतात, आणि ते टायमिंग वेगळं, ठिणगीचं वेगळं. नावसाधर्म्यामुळे लोक दोन्हींत गल्लत करतात.

दोन-स्ट्रोक मोटरीचं टायमिंग लागल्यावर रन-इनच्या (नवे भाग एकमेकांशी बसण्याच्या) काळात मॅन्युअलने सांगितल्याप्रमाणे पेट्रोलमधल्या तेलाचं प्रमाण वाढवा आणि थ्रॉटल टप्प्याटप्प्याने द्या. पूर्ण थ्रॉटल पहिल्यांदा थोडा वेळच द्या, मोटर लगेच बंद करा आणि प्लग काढून भिंगाखाली बघा. चिनीमातीवर फिकट तपकिरी रंग चांगला. त्यावर मिरीच्या पुडीसारखे चकचकीत करडे कण दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. मोटर परत सुरू करू नका, ॲडव्हान्स आणि कार्ब्युरेटरचे जेट दोन्ही पुन्हा तपासा.